अतिशयोक्तीचे माप

मराठवाड्यातील एका खेड्यातले वऱ्हाड विमानात बसून लग्नासाठी थेट लंडनला जाते, ही कल्पना ज्या काळात रंगमंचावर आली, त्या काळी खेड्यातल्या वऱ्हाडाला एस.टी.ची गाडी वेळेवर मिळाली तरी ते भाग्य समजले जाई. प्रा. लक्ष्मण देशपांडे यांच्या 'वऱ्हाड निघालंय लंडनला' या एकपात्री प्रयोगाचा सारा डोलारा या एका अशक्यप्राय कल्पनेवर उभा होता. लेखक तेच, नट तेच. आणि रंगमंचावर वावरणाऱ्या व्यक्तिरेखा मात्र बावन्न. तत्कालीन औरंगाबादेत, विद्यापीठाच्या नाट्यशास्त्र विभागात अध्यापन करणाऱ्या या कलावंताने मराठवाड्याची बोली महाराष्ट्रात घरोघरी पोहोचविली, परदेशांतील मराठी मंडळींपुढे नेली आणि गिनेसच्या विक्रमांच्या नोंदीतही नेऊन बसविली. २००९ साली त्यांचे निधन झाले. प्रयोग मात्र थांबला नाही. पुढच्या पिढीतील नटाने तो हाती घेतला आणि प्रेक्षक त्याला पूर्वीसारखेच हसत राहिले.

या हजारो प्रेक्षकांपैकी कोणी 'हे सारे खोटे आहे' म्हणून मध्येच उठून गेला असेल, असे वाटत नाही. वस्तुतः एकच माणूस बावन्न जणांच्या रूपाने वावरतो, हे काय थोडे खोटे आहे? तोच प्रेक्षक दुसऱ्या दिवशी चौकातील सभेत एखाद्या पुढाऱ्याचे भाषण ऐकतो आणि तेथील त्यामानाने लहान अतिशयोक्तीला 'थापा' म्हणून मोकळा होतो. मोठे खोटे गोड लागावे आणि लहान खोटे घशात अडकावे, हा चमत्कार कसा घडतो? या प्रश्नाचे उत्तर केवळ विनोदाच्या शास्त्रापुरते नाही. शब्दांवरचा समाजाचा विश्वास कशाने टिकतो आणि कशाने उडतो, याचेही उत्तर त्यातच दडलेले आहे.

खोटे आणि अतिशयोक्ती

अतिशयोक्ती म्हणजे सभ्य भाषेतील असत्य, असा पुष्कळांचा समज असतो. पहिल्या शतकातील रोमन वक्तृत्वशास्त्रज्ञ क्विंटिलियन याने त्याचे उत्तर फार पूर्वीच देऊन ठेवले आहे. अतिशयोक्ती खोटे बोलते खरी, परंतु त्या खोट्याने कोणाला फसवावे असा तिचा हेतू नसतो, असे त्याचे म्हणणे. असत्य बोलणाऱ्याला ऐकणाऱ्याचे अज्ञान हवे असते. अतिशयोक्ती करणाऱ्याला त्याचे ज्ञान हवे असते. वस्तूचे खरे माप ऐकणाऱ्याला ठाऊक नसेल, तर ती किती ताणली आहे हे त्याला कळणार नाही. आणि ते कळले नाही, तर हसूही येणार नाही. अतिशयोक्ती हा बोलणारा आणि ऐकणारा यांच्यामधील एक अलिखित करार आहे.

भारतीय काव्यशास्त्राने तर तिला केवळ एक अलंकार म्हणून बाजूला बसविले नाही. सातव्या शतकाच्या आसपासचा मानला जाणारा आलंकारिक भामह लोकमर्यादा ओलांडून जाणाऱ्या उक्तीला अतिशयोक्ती म्हणतो आणि सर्वच अलंकारांच्या मुळाशी हीच शक्ती आहे असे सांगतो. सर्वसाधारणपणे त्याच काळातला दंडी तिला अलंकारांत श्रेष्ठ मानतो, परंतु तिच्या बेताल रूपाला तो 'अत्युक्ती' असे वेगळे नाव देतो. घरी आलेल्या तपस्व्याचे स्वागत करताना, ज्यांना आपल्यासारख्यांची पायधूळ लागते तीच खरी घरे, असे म्हणणे त्याला शोभून दिसते. पण तुमच्या पायधुळीने आमची सारी पापे धुऊन निघाली, आजपासून आमच्या घराची पूजा देवळासारखीच व्हावयास हवी, असे कोणी म्हणू लागला की दंडीच्या मते तोल गेला. ही दुसरी तऱ्हा गौडांना आवडते आणि पहिली वैदर्भ रीतीची, असा त्याचा निर्वाळा आहे. विदर्भाच्या नावाने ओळखली जाणारी रीत संयमाची मानली गेली, ही गोष्ट आजच्या सत्कारसमारंभांच्या वक्त्यांनी ध्यानात ठेवण्यासारखी आहे.

छत्रपती संभाजीनगरचे वैशिष्ट्य असे, की या एकाच परिसरात अतिशयोक्तीची दोन शास्त्रे शेजारी शेजारी नांदली. एक संस्कृताचे, पैठणच्या पाठशाळांतून आलेले. दुसरे फारसीतून उर्दूत उतरलेले. उर्दू गझलेच्या आद्य कवींत ज्याची गणना होते तो वली याच शहराच्या नावाने 'वली औरंगाबादी' म्हणून ओळखला जातो. त्याच्यामागून अठराव्या शतकात सिराज औरंगाबादी झाला. या परंपरेत अतिशयोक्तीला 'मुबालिगा' म्हणतात आणि तिच्या तीन पायऱ्या मोजतात. बुद्धीलाही पटेल आणि व्यवहारातही घडू शकेल, ती 'तब्लीग'. बुद्धीला अशक्य नाही पण व्यवहारात सहसा घडत नाही, ती 'इग्राक'. आणि बुद्धी व व्यवहार या दोन्ही दृष्टींनी अशक्य, ती 'गुलू'. अतिशयोक्ती तीन पायऱ्यांवर मोजण्याची गरज या शास्त्रकारांना वाटली, यातच तिचे मर्म आले आहे. माप न सोडता मापाबाहेर जाणे, ही तिची खरी कसोटी आहे.

पैठणची मुंगी

तिसऱ्या पायरीवरची, अशक्यातली अशक्य अतिशयोक्ती मराठी माणसाने प्रथम कोठे ऐकली? विनोदी लेखकांच्या पुस्तकांत नव्हे. ती त्याने संतांच्या मुखातून ऐकली. पैठणजवळच्या आपेगावशी ज्यांच्या घराण्याचे नाते, त्या भावंडांतील मुक्ताबाईच्या नावावर असलेल्या अभंगात मुंगी आकाशात उडते आणि सूर्याला गिळून टाकते. ज्ञानदेवांच्या नावावर सांगितल्या जाणाऱ्या एका रचनेत काट्याच्या टोकावर गावे वसतात. शेकडो वर्षे निरक्षर वारकऱ्यांनी हे ऐकले, गायिले, त्यावर टाळ वाजविला. मुंगी केवढी आणि सूर्य केवढा, हे त्यांना ठाऊक नव्हते असे कोण म्हणेल? ठाऊक होते म्हणूनच, जे सरळ वाक्यात सांगता येत नाही असे काहीतरी येथे सांगितले जात आहे, हे त्यांनी ओळखले.

पैठणच्याच एकनाथांनी सोळाव्या शतकात ही शक्ती हास्याच्या अंगाने वापरली. त्यांच्या भारुडातील विंचू चावलेला माणूस इतका आकांत करतो, की ऐकणाऱ्याला प्रथम हसूच फुटते. मग हा विंचू कामक्रोधाचा आहे आणि तो ऐकणाऱ्याच्याही अंगावर चढलेला आहे, हे हळूहळू उमगते. आकांत फुगविलेला होता असे ज्याला आरंभी वाटले, त्याला शेवटी तो अपुरा वाटू लागतो. अतिशयोक्तीचे याहून मोठे यश दुसरे नाही.

शृंगारातही हेच तत्त्व दिसते. बाराव्या शतकात हेमचंद्राने आपल्या व्याकरणात अपभ्रंश भाषेचे नमुने म्हणून काही दोहे उद्धृत केले आहेत. त्यांपैकी एकातील विरहिणी कावळा उडवावयास हात उचलते, तोच तिला प्रियकर येताना दिसतो. तिच्या बांगड्यांपैकी अर्ध्या जमिनीवर गळून पडतात आणि उरलेल्या अर्ध्या तडकन फुटतात. विरहाने हात वाळला होता म्हणून पहिल्या गळाल्या. आनंदाने तोच हात एका क्षणात भरला म्हणून दुसऱ्या फुटल्या. असे कोणाच्या हाताचे होत नाही. तरीही विरह आणि भेट यांमधील अंतर त्या बांगड्यांनी जितके नेमके मोजले, तितके ते साध्या वर्णनाने क्वचितच मोजले जाईल.

हशा कोणाला?

आता विनोदाकडे वळू गेल्यास असे दिसते, की विनोदी अतिशयोक्तीलाही एक बीज लागते आणि ते बीज अस्सल असावे लागते. व्यंगचित्रकार नाक हातभर काढतो. पण नाक त्याच माणसाचे असावे लागते. द. मा. मिरासदारांच्या भोकरवाडीत एखादी क्षुल्लक बातमी एका तोंडातून दुसऱ्या तोंडात जाताना फुगत जाते. प्रत्येक तोंड तिच्यात थोडीच भर घालते आणि ती भर त्या त्या माणसाच्या स्वभावाला धरून असते. एकदम कोणी आभाळ फाडीत नाही. गावाच्या पारावर थापा मारण्यात ज्यांची हयात गेली, त्यांनाही हा नियम ठाऊक असतो. विहिरीतला साप आधी दोन हात, मग पाच हात. बारा हातांपर्यंत जावयाचे असेल तर मधल्या पायऱ्या चढाव्या लागतात आणि चेहरा गंभीर ठेवावा लागतो.

'वऱ्हाड'च्या बाबतीत काळानेच एक परीक्षा घेतली आहे. लंडनला निघालेले वऱ्हाड हे त्या काळी मुबालिग्याच्या दुसऱ्या पायरीवर, म्हणजे इग्राकवर होते. गेल्या चार दशकांत मराठवाड्याच्या खेड्यांतील मुलेमुली शिकून परदेशी गेली, त्यांच्यामागे आईवडीलही विमानात बसले. जे सहसा घडत नव्हते ते घडू लागले आणि ती कल्पना पहिल्या पायरीवर उतरली. प्रयोगाची मजा केवळ अशक्यतेत असती, तर ती यानंतर संपावयास हवी होती. ती संपली नाही. कारण अशक्यता हे केवळ निमित्त होते. लग्नातील मानपान, रुसवेफुगवे, कोणाच्या आधी कोणी बोलावे याची चढाओढ, परक्या ठिकाणी आपले अज्ञान झाकण्याची धडपड, ही सारी सामग्री खरी होती. लंडनच्या अंतराने ती मोठी करून दाखविली, एवढेच.

येथे एक आक्षेप घेतला जातो आणि तो दुर्लक्षिण्यासारखा नाही. खेडवळ माणूस विमानात बसला की शहरी प्रेक्षकाला हसू येते, यात त्या माणसाचा उपहास नाही काय? मराठवाड्याच्या बोलीला पुण्या-मुंबईच्या रंगमंचावर पुष्कळदा गड्याची किंवा गावंढळाची बोली म्हणूनच प्रवेश मिळाला, हे नाकारण्यात अर्थ नाही. परंतु अतिशयोक्तीची दिशा पाहिली पाहिजे. जी अतिशयोक्ती दुबळ्याचे व्यंग वाढवून दाखविते, ती टवाळी होय. 'वऱ्हाड'मधील माणसे विमानात दबून जात नाहीत. ती विमानाचेच गाव करून टाकतात. मापे लंडनची असती तर ती हास्यास्पद ठरली असती. येथे मापे गावाची आहेत आणि लंडनलाच त्यांत बसावे लागते. बोलीचा अभिमान बाळगणारा मराठवाड्याचा प्रेक्षक या प्रयोगाला आपला म्हणतो, त्याचे कारण हेच असावे.

सम्राटांची गर्दी

अतिशयोक्तीची दुसरी वाट स्तुतीची. आचार्य अत्रे यांच्या तोंडची 'गेल्या दहा हजार वर्षांत' ही मोजणी महाराष्ट्राला परिचित आहे. दहा हजार वर्षांचा हिशेब अत्र्यांनीही ठेवला नव्हता आणि ऐकणाऱ्यांनीही मागितला नाही. तो एका मोठ्या आवाजाचा ठेका होता. आणि त्या आवाजामागे संयुक्त महाराष्ट्राची चळवळ, 'मराठा'चे अग्रलेख आणि गाजलेली नाटके उभी होती. बोलणाऱ्याचे वजन ऐकणाऱ्याला माहीत असल्यामुळे त्याच्या अतिशयोक्तीतून किती वजा करावयाचे, हेही त्याला माहीत होते.

पुढे तो ठेका सर्वांनीच उचलला, वजन मात्र उचलता आले नाही. आज कोणत्याही शहरातील चौकात उभे राहून वाढदिवसांचे फलक वाचावेत. कोणी कार्यसम्राट, कोणी युवा हृदयसम्राट, कोणी विकासपुरुष. एका चौकात चार सम्राट आणि त्या चौकातील खड्डा मात्र कोणाच्याच साम्राज्यात नाही. रस्त्याचे साधे डांबरीकरण 'ऐतिहासिक' असते, बैठक झाली की ती 'महाबैठक' असते, घोषणा होते ती 'क्रांतिकारी'च. गंमत अशी, की या भाषेला कोणी हसत नाही आणि कोणी तिच्यावर विश्वासही ठेवीत नाही. दंडीने ज्याला अत्युक्ती म्हटले, तिचे हे सार्वजनिक रूप होय. येथे करार मोडला आहे. बोलणाऱ्याला माप ठाऊक नाही आणि ऐकणाऱ्याने ते विचारणे सोडून दिले आहे.

याचा पहिला फटका विनोदालाच बसतो. विनोदकाराने ज्याला ताणावयाचे, ते आधीच ताणून ठेवलेले असेल तर त्याच्या हाती काय उरते? फलकावरील मजकूर जसाच्या तसा वाचून दाखविला की प्रहसन तयार, अशी स्थिती येते. मात्र दुसरा फटका याहून गंभीर आहे.

वस्तुस्थितीच पुढे जाते तेव्हा

१९८० च्या सुमारास एखाद्या कथाकथनकाराने असे सांगितले असते, की एक दिवस लातूरला प्यावयाचे पाणी रेल्वेने येईल, तर श्रोत्यांनी टाळ्या देऊन हशा पिकविला असता. १२ एप्रिल २०१६ रोजी मिरजेहून निघालेली दहा टाक्यांची गाडी सुमारे पाच लाख लिटर पाणी घेऊन लातूरला पोहोचली. अंतर तीनशे किलोमीटरांहून अधिक. मांजरा धरण कोरडे पडले होते. पुढे काही महिने अशा गाड्या येत राहिल्या. या घटनेत अतिशयोक्तीचा लवलेश नव्हता. तरीही ऐकणाऱ्याला ती अतिशयोक्तीसारखी वाटावी, अशीच होती.

संभाजीनगरलाही आपला अनुभव आहे. पैठणचे जायकवाडी धरण १९७६ साली पूर्ण झाले आणि त्याच्या विस्तीर्ण जलाशयाला एकनाथांच्या नावाने नाथसागर म्हटले जाऊ लागले. तेथून शहर सुमारे पन्नास किलोमीटरवर. तरीही शहराच्या नळांना वर्षानुवर्षे अनेक दिवसांआड पाणी येत राहिले. सागराशेजारी तहान, हे वाक्य परगावच्या माणसाला अलंकारिक वाटेल. येथल्या गृहिणीला ते घरातल्या पिंपांचे गणित वाटत आले.

अशा प्रदेशात माणसाला मोठ्या शब्दांची खरोखरच गरज पडते. ती पडते तेव्हा ते शब्द शिल्लक असतात काय? 'भीषण', 'अभूतपूर्व', 'ऐतिहासिक' हे शब्द उद्घाटनांच्या पत्रिकांत आणि फलकांवर खर्च होऊन गेलेले असतात. खेड्यातला शेतकरी 'सगळं गेलं' असे म्हणतो, तेव्हा कचेरीतला माणूस त्यातून सवयीने निम्मे वजा करतो. ग्रामीण माणूस फुगवून सांगतो, हा प्रशासनाचा जुना समज. त्याच समजातून ब्रिटिश काळापासून पिकाची आणेवारी, पुढे पैसेवारी, काढण्याची रीत चालत आली आणि अनेक दशके पन्नास पैशांच्या रेषेखाली कोणते गाव येते यावर टंचाईचा निर्णय होत राहिला. मोजणी वाईट नाही. खऱ्या नुकसानीला ती आधारच देते. वाईट आहे तो दुजाभाव. शेतकऱ्याचे दुःख पैशापैशाने मोजावयाचे आणि योजनेची जाहिरात मात्र मोजमापाशिवाय करावयाची, असा तो दुजाभाव आहे. ज्याला अतिशयोक्तीचा अधिकार आहे त्याच्यावर अविश्वास दाखवावयाचा, आणि ज्याने नेमके बोलावे अशी अपेक्षा आहे त्याने अलंकारिक बोलावयाचे, असा हा उलटा व्यवहार होऊन बसला आहे.

साहित्य येथे कामास येते. १७२९ मध्ये जोनाथन स्विफ्टने आयर्लंडमधील दारिद्र्यावर उपाय म्हणून गरिबांची मुले श्रीमंतांना खावयास विकावीत, अशी सूचना करणारे एक पत्रक प्रसिद्ध केले. पत्रकाची भाषा थंड होती, हिशेब काटेकोर होता आणि प्रत्येक आकडा जणू एखाद्या कारकुनाने मांडलेला होता. राज्यकर्त्यांच्या निर्विकार मोजणीला त्याने अतिशयोक्तीच्या टोकापर्यंत नेले आणि त्या मोजणीतील क्रौर्य उघडे पाडले. मुंगीने सूर्य गिळण्याइतकीच अशक्य अशी ही कल्पना. परंतु वाचणाऱ्याला तिने नेमके माप परत मिळवून दिले. थोर अतिशयोक्तीचे कार्य हेच आहे. बिघडलेला तराजू ती एका बाजूला जोराने दाबते आणि काटा सरळ करते.

म्हणून अतिशयोक्तीला तडीपार करावे, सर्वांनी पंचनाम्याच्या भाषेत बोलावे, असा निष्कर्ष काढणे चुकीचे ठरेल. पंचनाम्याच्या भाषेत ना भारूड होते, ना वग, ना लग्नातली थट्टा. अतिशयोक्ती काव्याकडे आणि विनोदाकडे परत गेली पाहिजे, आणि कारभाराच्या, सत्काराच्या, जाहिरातीच्या भाषेने आपल्या आकाराचे कपडे घातले पाहिजेत, इतकीच अपेक्षा आहे. त्यासाठी शाळेत अतिशयोक्ती अलंकार शिकविताना केवळ व्याख्या आणि उदाहरण पाठ करून घेणे पुरेसे नाही. ही उक्ती कोणी केली, कोणापुढे केली आणि तिच्यातून किती वजा करावयाचे, हे विचारण्याची सवय मुलांना लागली पाहिजे. ज्या मुलाला नाथांच्या विंचवाचा आकांत कळला, त्याला फलकावरील सम्राटाची किंमत वेगळी सांगावी लागणार नाही.

पैठणच्या वाटेने पंढरीला निघालेला वारकरी मुंगीने सूर्य गिळल्याचे ऐकून मान डोलावतो. मुंगी केवढी असते हे त्याने शेतात पाहिलेले असते आणि सूर्य केवढा असतो हे त्याने आयुष्यभर पाठीवर सोसलेले असते. ही दोन्ही मापे शाबूत आहेत तोवर अतिशयोक्तीपासून समाजाला भय नाही.